बंपरमागे बंपर: मियाटाच्या क्लब शर्यतीत जवळून कसे पळायचे

तुम्ही विचारलेत ते थोडक्यात असे. राहणे न्यू जर्सीत, इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून काही ट्रॅक-डे (शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस) झालेत, आता खऱ्या क्लब शर्यतीत उतरायचे आहे. पण दारात चारशे अश्वशक्तीची गाडी उभी असताना सव्वाशे अश्वशक्तीच्या जुन्या माझदा मियाटात मजा ती काय? आणि आठ-दहा गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून धावतात, त्या धडकत कशा नाहीत?

मजा कुठून येते ते आधी. स्पेक मियाटा या वर्गात १९९० ते १९९७ आणि १९९९ ते २००५ या मॉडेल-वर्षांच्या गाड्या चालतात. सगळ्यांना तेच ठरलेले शॉक, त्याच आयबाखच्या स्प्रिंगा (पुढे ७०० आणि मागे ३२५ पाउंड प्रति इंच), १५ बाय ७ इंची चाके आणि क्लबने ठरवून दिलेला एकच टायर. जुने १.६ लिटरचे इंजिन कमी ताकदीचे, म्हणून त्या गाडीला वजनात सूट. नव्या १.८ ला जास्त वजन, आणि इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत भोक लहान केलेली चकती. एवढे करून गाड्या इतक्या जवळ येतात, की पहिल्या दहा जणांच्या क्वालिफाइंगच्या (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीच्या) वेळा एका सेकंदात बसल्या तरी कोणाला नवल वाटत नाही. मग पैशाने किंवा ताकदीने कोणी निसटत नाही. जो पुढे आहे तो एक वळण चांगले घेऊन पुढे गेलेला असतो, आणि पुढच्या वळणावर ते पुन्हा सिद्ध करावे लागते.

शिवाय ताकद कमी असल्यामुळे सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा हाच मोठा शत्रू. पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेत मागची शिरली की दोघींचा वेग एकटीपेक्षा वाढतो. मागची तर वाढीव वेग घेऊन बाहेर पडून पुढे जाऊ शकते. लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत सर्वांत पुढे असणे बऱ्याचदा गैरसोयीचे ठरते ते यामुळेच. चारशे अश्वशक्तीच्या गाड्यांत अशी साखळी इतका वेळ टिकत नाही. तिथे वेगाचे फरक मोठे, ब्रेक मोठे, चुकांची किंमतही मोठी. मियाटात वीस-तीस मिनिटे तुम्ही त्याच चार माणसांच्या मध्ये असता. कोण कुठे लवकर ब्रेक मारतो, कोणाला कुठले वळण जमत नाही, हे तिसऱ्या फेरीपर्यंत कळू लागते. ही ओळख होत जाणे हाच या खेळाचा गाभा आहे, आणि तो अनुभव बाराव्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्यालाही पहिल्याइतकाच मिळतो.

आता धडकण्याचे. इथे थोडे गणित करायलाच हवे. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. पुढच्या गाडीपासून तुम्ही एक मीटरवर असाल तर वेळेच्या हिशेबात ते अंतर एका सेकंदाचा चव्वेचाळिसावा भाग. माणसाला दिवा दिसून पाय हलवायला कमीत कमी एकपंचमांश सेकंद लागतो. समजा दोन्ही गाड्या सारख्याच जोराने, साधारण १ जी ने (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने), ब्रेक करतात आणि तुम्ही ०.२ सेकंद उशिरा सुरुवात केलीत. तेवढ्यात पुढची गाडी तुमच्यापेक्षा सेकंदाला दोन मीटरने मंद झालेली असते आणि तो फरक ब्रेकिंग संपेपर्यंत टिकतो. १६० वरून ९५ वर यायला सुमारे दोन सेकंद. म्हणजे तुम्ही जवळपास चार मीटर आत येणार. मियाटाची लांबी तेवढीच असते. एक मीटरची फट त्याला कशी पुरेल?

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जवळून पळणे प्रतिक्रियेच्या जोरावर होतच नाही, ते अंदाजावर होते. पुढच्याचे ब्रेक लाइट पाहून ब्रेक मारणाऱ्या माणसाला उशीर झालेलाच असतो. त्यामुळे तीन सवयी लावून घ्या. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आरपार, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर ठेवा. रांग आखडू लागली की ते तुम्हाला पुढच्या चालकाइतकेच लवकर दिसते. दुसरी, ब्रेकिंगच्या खुणेआधी अर्धी गाडी बाजूला सरका, म्हणजे अंदाज चुकला तर तुमचे नाक त्याच्या बंपरमध्ये न जाता शेजारी जाईल. हे सरकणे हळू, एकाच दिशेने आणि वेळेत करायचे. तिसरी, रांगेत असताना स्वतःचा ब्रेकिंग पॉइंट एकट्याने फेरी मारतानापेक्षा थोडा अलीकडे आणा. मागे असल्यामुळे तुमचा वेग जास्त असतो. त्याच खुणेवर ब्रेक मारलात तर गाडी वळणात जास्त वेगाने शिरते आणि पुढच्याच्या दारावर जाते. नवख्यांच्या बहुतेक टकरी याच हिशेबाने होतात आणि दोष मात्र ब्रेकला दिला जातो.

सरळ रस्त्यावर बंपर लावून ढकलणे बघायला फार आकर्षक वाटते. अनुभवी जोड्या ते करतात. तुम्ही पहिले वर्षभर त्या वाटेला जाऊ नका. रस्ता जरा जरी वळत असेल, किंवा दोन्ही बंपर समोरासमोर नसतील, तर मागचा धक्का पुढच्या गाडीला फिरवतो. ब्रेकिंगच्या जागेजवळ तर हात जोडूनही कोणी सांगितले तरी ढकलू नका.

वळणात मागे कसे राहायचे हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवा चालक आत शिरताना पुढच्याच्या बंपरला चिकटतो. मधोमध आल्यावर पुढचा अजून मंदच असतो, मग याला गॅस सोडावा लागतो, आणि सव्वाशे अश्वशक्तीत सोडलेला गॅस अख्खा सरळ रस्ता वसूल होत नाही. उलट करा. वळणाच्या तोंडाशी मुद्दाम एक गाडीची फट पडू द्या, म्हणजे त्याच्यापेक्षा थोडा आधी पूर्ण गॅसवर येता येईल. बाहेर पडताना ती फट आपोआप मिटते आणि वाढीव वेग तुमच्याकडे राहतो. हे दिसायला माघार घेतल्यासारखे आहे, म्हणून अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शेजारी शेजारी वळण घेणे हा या खेळातला खरा आनंद. त्याचा नियम स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, म्हणजे एससीसीएच्या, नियमावलीत साफ लिहिला आहे. प्रत्येकाला शर्यतीच्या परिस्थितीत गाडी ताब्यात ठेवता येईल एवढी जागा आखलेल्या रस्त्यावर मिळालीच पाहिजे. टक्कर टाळणे सगळ्यांची जबाबदारी. ओव्हरटेकचा निर्णय आणि तो सुरक्षित पार पाडणे मागून येणाऱ्याकडे, तर आपल्याला कोणी ओलांडतोय हे ओळखणे आणि वाट न अडवणे पुढच्याकडे. ट्रॅकवर याचा अर्थ असा होतो: आतला चालक बाहेर पडताना पूर्ण रस्ता वापरत नाही, शेजारी एक गाडी आणि वर थोडी जागा सोडतो. बाहेरचा चालक एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूवर, येत नाही, कारण तिथे कोणी आहे. दोघांनी आपापली लेन धरली की दोन्ही गाड्यांना वळण थोडे हळू पण बिनधोक जाते. आतून घुसायचे असेल तर वळायला सुरुवात करायच्या आत तुमचे पुढचे चाक त्याच्या दाराशी पोचलेले हवे. फक्त नाक त्याच्या मागच्या चाकापाशी असेल तर ते त्याला दिसतही नाही, आणि मियाटात केजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) नळ्यांमुळे तो कोपरा तर आंधळाच असतो. त्यामुळे केबिनभर रुंद आरसा बसवा आणि प्रत्येक सरळ रस्त्यावर त्यात एकदा तरी बघा.

दोघे भांडत बसले तर दोघेही हरतात, हेही हिशेबाने पटते. प्रत्येक वळणावर आडवे येऊन एकमेकांची फेरी अर्ध्या सेकंदाने लांबवली, तर सहा फेऱ्यांत पुढे निसटलेला तीन सेकंद लांब जातो आणि मागचा टोळका अंगावर येतो. जाणते चालक सुरुवातीला रांग लावून पळतात, पुढच्यांना गाठतात, आणि आपापसातला निकाल शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांवर ठेवतात. हे ठरवायला बोलावे लागत नाही. मागच्याने बाहेर न पडता रांगेत राहणे पसंत केले की पुढच्याला इशारा समजतो.

सुरुवात बहुधा दोन-दोनच्या रांगेत, चालत्या गाड्यांनी होते. हिरवा झेंडा पडला की पहिल्या वळणाशी रांग जोरात आखडते. पहिला थोडा मंदावला की विसाव्याला जवळपास थांबावे लागते. टायर थंड, ब्रेक थंड, आणि हवेत धूळ. पहिल्या वळणात दोन जागा मिळवण्यापेक्षा चारही कोपरे शाबूत घेऊन दुसऱ्या वळणाला पोचणे जास्त मोलाचे. झेंड्यांत एक गोष्ट अमेरिकेत टीव्हीवर शर्यती बघणाऱ्यांची हमखास चुकते. क्लब शर्यतीत पांढरा झेंडा म्हणजे शेवटची फेरी नव्हे, पुढे संथ गाडी किंवा ॲम्ब्युलन्स आहे. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर केशरी गोळा म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या.

आता गाडीकडे. रांगेत पळण्याने गाडीवर वेगळाच ताण येतो, तो एकट्याने ट्रॅक-डे करून कळत नाही. दुसऱ्याच्या हवेत असताना रेडिएटरला आणि ब्रेकना थंड हवा मिळत नाही. कारखान्याचा तापमानाचा काटा बराच काळ मध्येच थांबून राहतो आणि उशिरा हलतो. आकडा दाखवणारा वेगळा गेज लावा. पाणी १०५ अंशांच्या वर जाऊ लागले की सरळ रस्त्यावर अर्धी गाडी बाजूला सरकून नाक स्वच्छ हवेत काढा. एखादी जागा गेली तरी चालेल, हेड गॅस्केट गेली तर हंगाम जातो. रेडिएटरभोवतीच्या फटी फोमने आणि पत्र्याने बंद करणे हा स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय, मात्र नियमावली किती मुभा देते ते आधी वाचा.

ब्रेकचे दोन बिघाड वेगळे ओळखता यायला हवेत. पेडल मऊ पडून खोल जात असेल तर ऑइल उकळले आहे. साध्या डॉट-४ ऑइलसाठी कोरे असताना किमान उकळबिंदू २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५ अंश एवढीच अट असते, म्हणून ३०० च्या वरचे रेसिंग ऑइल घाला आणि प्रत्येक शर्यतीआधी ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड त्यांच्या तापमानाच्या पुढे गेले. तिसरा प्रकार जास्त फसवा. कर्बवरून गेल्यावर पुढच्या ब्रेकिंगला पेडल पहिल्यांदा खोल जाते, दुसऱ्यांदा नीट येते. हबच्या बेअरिंगमध्ये खेळ आला की डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते. तात्पुरता इलाज म्हणून सरळ रस्त्यावर डाव्या पायाने पेडल हलकेच टेका. खरा इलाज पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात: गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर हब बदला. चिकट टायरांवर मियाटाचे पुढचे हब झिजतातच. ते उपभोग्य वस्तू समजून जास्तीचा एक संच सोबत ठेवा.

चाकांचे नट १२ बाय १.५ चे. ८० फूट-पाउंडाला, म्हणजे साधारण १०८ न्यूटन-मीटरला, टॉर्क रेंचने घट्ट करा आणि पहिल्या सरावानंतर पुन्हा तपासा. टायरमधली हवा गरम असताना मोजायची, ट्रॅकवरून आल्या आल्या. सकाळी थंड मोजून ठेवलेल्या आकड्याला अर्थ नाही, कारण दर साडेपाच अंश सेल्सिअसमागे सुमारे १ पीएसआय वाढतो. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचे तापमान घ्या. मधली पट्टी जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे, बाहेरची कड गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) कमी पडतोय. पुढे उणे ३ अंशांच्या आसपासपासून सुरुवात करायला हरकत नाही. चारही चाकांवरचे वजन मोजताना तुम्ही पूर्ण पोशाखात सीटवर बसलेले असा, आणि तिरके वजन (कर्णाच्या टोकांवरच्या दोन चाकांचे मिळून) एकूणाच्या ५० टक्क्यांच्या जवळ आणा. नाहीतर गाडी डाव्या आणि उजव्या वळणात दोन वेगळ्या स्वभावांची वागते, आणि अशी गाडी घेऊन कोणाच्या शेजारी पळणे त्याच्यावर अन्याय आहे.

किमान वजन शर्यतीनंतर चालकासकट मोजतात. पेट्रोल गॅलनला सहा पाउंडांच्या आसपास भरते, त्यामुळे शेवटी किती उरेल त्याचा हिशेब मांडूनच पेट्रोल भरा. फार कमी ठेवलेत तर लांब वळणात पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी अडखळते. मागे कोणी चिकटलेला असताना अशी अडखळ म्हणजे टक्कर.

एवढे करूनही कधीतरी पत्रा लागतोच. हलका घासला तर पळत राहा, पण स्टिअरिंग मधोमध राहिले नाही, किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर लगेच आत या. टाय रॉड वाकला असेल तर तो पुढच्या ब्रेकिंगला तुटू शकतो. पॅडॉकमध्ये दोरी ताणून टो (चाके सरळ रेषेत आहेत का ते) मोजायला दहा मिनिटे लागतात. चाकाच्या आतली कड आणि शीतकाची नळीही पाहा. मग हेल्मेट काढा, पाणी प्या, आणि स्वतः चालत त्या चालकाकडे जा. दोघांचे कॅमेऱ्याचे चित्रीकरण एकत्र बघा. चूक तुमची असेल तर तिथेच सांगा आणि दुरुस्तीला हात लावा. तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा याच माणसाच्या शेजारी ताशी १६० ने वळणार आहात. तो तुमच्यासाठी जागा सोडेल की नाही, ते या बोलण्यावर ठरते.

सुरक्षेच्या सामानात काटकसर नको. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए मानकाचे हेल्मेट (मोटरसायकलचे एम मानक चालत नाही), मानेसाठी हान्ससारखे साधन, अग्निरोधक सूट, हातमोजे, बूट. सीटच्या पट्ट्यांना मुदत असते, ती शिक्क्यावरच्या तारखेवरून ठरते. तपासनीस तारीख वाचून परत पाठवतो, तेव्हा विकत घेताना ती बघा. मियाटाची केबिन बुटकी आहे. हेल्मेटचा माथा केजच्या मुख्य हूपच्या (डोक्यामागच्या कमानीच्या) वरच्या कडेपेक्षा किमान दोन इंच खाली राहायला हवा. सहा फुटांच्या माणसाला बऱ्याचदा सीटखालचा पत्रा खाली घ्यावा लागतो, म्हणून पैसे देण्याआधी हेल्मेट घालून बसून पाहा.

गाडी तयार घ्या, बांधू नका. केज, सीट, शॉक आणि मजुरीचा खर्च दुसऱ्याने आधीच केलेला असतो आणि विकताना तो पूर्ण वसूल होत नाही. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या शर्यतींची आणि तपासण्यांची नोंदवही, मागा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. त्यांच्यात फार फरक नको. खालच्या चॅसिस रेल आणि मागच्या चाकांपुढचा पत्रा गंजलाय का ते बोट फिरवून बघा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचे टोक आखूड असते आणि चावीची खाच झिजते, ती गाडी स्वस्त मिळाली तरी टाळा. जुन्या १.६ च्या मागच्या लहान डिफरन्शियलच्या जागी १.८ चे मोठे, टॉर्सन प्रकारचे बसवलेले असेल तर चांगले. एवढ्यात पडायचे नसेल तर भाड्याने गाडी, मेकॅनिक आणि टायर असे सगळे मिळून देणाऱ्या टीम आहेत. पहिल्या दोन शर्यती तशा करणे शहाणपणाचे.

परवान्याचे दोन मार्ग. एससीसीएत डॉक्टरांचा तपासणी फॉर्म, नवख्याचा परमिट, रेसिंग स्कूल आणि मग ठरावीक शर्यती पूर्ण करून पूर्ण परवाना. दुसरी संस्था नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. तिथे ट्रॅक-डेच्याच चार पायऱ्या आहेत, चौथ्या पायरीवर कुठेही ओव्हरटेकची मुभा मिळते, आणि मग स्पर्धा-शाळा. तुमच्यासारख्याला हा दुसरा मार्ग सोपा पडेल. न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कचा २.२५ मैलांचा थंडरबोल्ट ट्रॅक तुम्हाला गाडीने जाण्याजोगा आहे, आणि तिथला सरळ रस्ता रांगेत पळणे शिकायला पुरेसा लांब आहे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: सारख्या गाड्यांची शर्यत आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला मिळते. स्विफ्टचे इंजिन असलेली फॉर्म्युला एलजीबी गाडी बऱ्याच टीम भाड्याने देतात, परवाना एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्ट संघटना देते. त्याआधी भाड्याच्या गो-कार्टमध्ये त्याच आठ मित्रांसोबत वारंवार पळा. ब्रेकिंगआधी बाजूला सरकणे, वळणाच्या तोंडाशी फट सोडणे, शेजाऱ्याला जागा देणे, हे सगळे तिथे ताशी ५० वर शिकता येते.

आणि स्वतः उतरण्याआधी एक शनिवार-रविवार झेंडा-मार्शल म्हणून उभे राहा. क्लब शर्यती स्वयंसेवकांवरच चालतात, माणसे नेहमीच कमी असतात, आणि नवख्याला ते जाणत्याच्या जोडीला उभे करून शिकवतात. वळणाच्या काठावरून दिवसभर बघितले की कोण वळणाआधी हळू होऊन बाहेर वेगाने पडतो, कोण घाईने शिरून अडकतो आणि कोणती टक्कर दोन फेऱ्या आधीपासून शिजत होती, ते साध्या डोळ्यांनी दिसते. क्लबच्या स्थानिक विभागाच्या पानावर झेंडा आणि संपर्क विभागाच्या प्रमुखांचा पत्ता असतो. वसंतातल्या पहिल्या शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी त्यांना लिहा. पांढरे किंवा साध्या रंगाचे कपडे, टोपी आणि पायात बंद बूट एवढे न्या. लाल, पिवळे किंवा हिरवे नको, लांबून ते झेंड्यासारखे दिसतात.